सुरुंगाचे काम आणि आपले तरुण

ओमान देशात, मस्कतपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर आत, डोंगरांच्या वेढ्यात इब्रा नावाचे जुने शहर आहे. मातीच्या जुन्या वाड्यांसाठी आणि बुधवारी भरणाऱ्या बायकांच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे. एके काळी येथील व्यापारी घराणी सूर बंदरातून गलबते घेऊन झांझिबारपर्यंत जात. म्हणजे ज्या महासागराने आपल्या पूर्वजांना मॉरिशसला आणले, त्याच महासागराशी या गावाचेही जुने नाते आहे.

इब्र्याच्या भोवतीचे डोंगर साधे नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाखाली असलेला कातळ वर ढकलला जाऊन ते बनले आहेत. ओमानच्या उत्तर भागात हा पट्टा सुमारे पाचशे किलोमीटर पसरलेला असून त्यात तांबे आणि क्रोमियमचे खनिज सापडते. अशा मुलखात रस्ता काढायचा, खाण खणायची किंवा खडी फोडायची म्हटली की सुरुंग आलाच. आखातातील नोकऱ्यांच्या जाहिरातींत म्हणूनच ड्रिलर, ब्लास्टर, शॉटफायरर अशी पदे दिसतात. चार पैसे अधिक मिळतात म्हणून तरुणांचे लक्ष तिकडे जाते, आणि घरातील वडीलधारी मंडळी मात्र 'दारूगोळ्याचे काम नको रे बाबा' म्हणून धास्तावतात.

दोघांचेही म्हणणे आम्हांला अर्धेच पटते. हा धंदा वाईट नाही. जगाला धातू, दगड, रस्ते, बोगदे आणि धरणे हवी आहेत, तोवर तो राहणारच. पण एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो. ज्याच्या अंगावर जोखीम, त्याच्याच हाती ज्ञान, परवाना आणि वेळप्रसंगी 'नाही' म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे. या तीन गोष्टी असतील तर ही चांगली नोकरी आहे. नसतील तर पगार कितीही असो, ती नोकरी नव्हे.

सुरुंगाचे काम म्हणजे धाडसाचे काम, असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक ते हिशेबाचे आणि धीराचे काम आहे. आधी कातळ पाहावा लागतो. त्यात भेगा कोठे आहेत, पाणी कोठे आहे, जवळची घरे किती अंतरावर आहेत, हे तपासावे लागते. मग ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या खोलीची भोके पाडायची. भोकात माल किती भरायचा आणि वर बारीक खडीने किती ठासायचे, याचे माप असते. सगळी भोके एकाच क्षणी उडवत नाहीत. एकामागून एक, सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या अंतराने ती उडवतात, म्हणजे दगड नीट फुटतो आणि जमिनीला हादरा कमी बसतो. नंतर भोंगा वाजतो, शेकडो मीटरपर्यंतची माणसे व गुरे दूर केली जातात, वाटांवर पहारे बसतात. उडवण्याच्या यंत्राची किल्ली एकाच जबाबदार माणसाच्या खिशात असते. इतर कोणाच्याही हाती ती द्यायची नाही, हा या धंद्याचा पहिला नियम आहे.

आणि सर्वांत कठीण काम स्फोटानंतरचे असते. धूर निवेपर्यंत थांबायचे, मग एकट्या जाणकाराने पुढे जाऊन प्रत्येक भोक उडाले की नाही ते पाहायचे. एखादे न उडालेले राहिले तर त्याला 'मिसफायर' म्हणतात. त्यातला माल उकरून काढायचा नसतो, आणि जुन्या भोकात पुन्हा ड्रिल तर कधीच घालायचे नसते. या धंद्यातील कित्येक माणसे स्फोटात नव्हे, तर स्फोटानंतरच्या घाईत गेली आहेत. 'अति घाई, संकटात नेई' हे वचन जणू याच कामासाठी लिहिले आहे.

हिशेब नीट केला म्हणजे काय साधते, हे पाहायचे तर महाराष्ट्रातील कोयनेकडे पाहावे. शिवाजीसागर जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेला, शेवटचा थोडा कातळ शिल्लक ठेवला आणि मग तो उडवून भरल्या जलाशयाचे पाणी खाली वीजघराकडे घेतले. हा प्रयोग तेथे दोनदा झाला, १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी. दोन्ही वेळा तो सफल झाला. वर्षानुवर्षांची तयारी आणि एका क्षणाचा स्फोट, असे हे काम आहे.

याउलट २०२२ सालचे पुण्याचे उदाहरण घ्या. चांदणी चौकातील जुना पूल १ आणि २ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री सुमारे सहाशे किलो स्फोटके लावून उडवण्यात आला. पण तो एका दमात पुरता पडला नाही. आत अंदाजापेक्षा अधिक लोखंड निघाले आणि उरलेले काम यंत्रांनी करावे लागले. लोकांनी थट्टा केली. आमच्या मते थट्टेचे कारण नव्हते. परिसर मोकळा केलेला होता, कोणाला इजा झाली नाही आणि राहिलेला भाग घाई न करता पाडला गेला. या धंद्यात अंदाज चुकू शकतो. तो चुकला तरी माणूस वाचेल, अशी व्यवस्था आधीच करणे, हीच खरी विद्या.

आता दुसरी बाजू. विदर्भात कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणी आहेत. नागपूरच्या आसपास स्फोटकांचे अनेक कारखाने आहेत, आणि भारतात स्फोटकांचे परवाने देणाऱ्या सरकारी खात्याचे मुख्यालयही नागपुरातच आहे. तेथून जवळच बाजारगाव येथे १७ डिसेंबर २०२३ रोजी एका कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार दगावले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. पुढे १३ जून २०२४ रोजी धामना येथील दुसऱ्या कारखान्यात तसाच प्रकार घडला, आणि तेथेही मेलेल्यांत स्त्रियाच अधिक होत्या. आसपासच्या खेड्यांतून रोजगारासाठी येणारी ही माणसे. स्फोटकांच्या धंद्यातील 'करिअर'च्या गोष्टी जेव्हा सांगितल्या जातात, तेव्हा त्यांत इंजिनियर येतो, ब्लास्टर येतो. बांधणी आणि भरणी करणाऱ्या या हातांचे नाव कोणी घेत नाही. जोखीम मात्र त्यांच्या वाट्याला पुरेपूर येते.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. मुंबईहून पुण्याकडे जाणारी भोर घाटाची रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. १८६१ साली तेथे एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. डायनामाइट अजून निघायचे होते, त्याचे पेटंट नोबेलने १८६७ साली घेतले. घाट फोडला तो साध्या काळ्या दारूने आणि माणसांच्या हातांनी. ठेकेदारांची नावे पुस्तकांत सापडतात, मजुरांची सापडत नाहीत. त्याच काळात कोकणातील कित्येक कुटुंबे जहाजात बसून या बेटावर येत होती. 'तेथे दगड उलटला की खाली सोने मिळते,' असे सांगून आपल्या लोकांना आणले, ही गोष्ट आजही घरोघर सांगितली जाते. सोने नव्हते, दगड मात्र खरे होते. उसाच्या शेतांतून उचलून रचलेले ते काळ्या दगडांचे ढीग आजही उभे आहेत. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवला, त्याची किंमत तीन-चार पिढ्यांनी भरली.

म्हणून आम्ही तरुणांना सांगतो की जायचे असेल तर शिकून जा. भारतात खाणकामासाठी मेट, ब्लास्टर, फोरमन आणि मॅनेजर अशा पायऱ्या आहेत. त्यांच्या परीक्षा धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय घेते, आणि प्रत्येक पायरीचे प्रमाणपत्र त्या त्या माणसाच्या नावे असते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत आणि धनबादच्या जुन्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये, जी २०१६ पासून आयआयटी झाली, खाणकामाची पदवी मिळते. इब्र्यातही आज तंत्रशिक्षण देणाऱ्या सरकारी विद्यापीठाची शाखा आहे, आणि ओमानीकरणाच्या धोरणाप्रमाणे तेथील मुलांनाच नोकरीत अग्रहक्क आहे. केवळ अंगमेहनतीच्या बळावर तेथे जाणारा परदेशी माणूस सर्वांत खालच्या पायरीवर उभा राहणार, हे उघड आहे.

आणि सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्या. कागदावर पद कोणते लिहिले आहे, आणि प्रत्यक्ष काम कोणते? स्फोटके हाताळायची असतील तर परवाना कोणाच्या नावे आहे? प्रशिक्षण कोण देणार, किती दिवस आणि कोणत्या भाषेत? उडवण्याच्या यंत्राची किल्ली कोणाजवळ राहते? मिसफायर झाल्यास पुढे कोण जातो? विमा किती, आणि तो घरच्यांना कसा मिळेल? या प्रश्नांना जो मालक सरळ उत्तर देतो, त्याच्याकडे खुशाल जा. जो हसण्यावारी नेतो, त्याला दुरूनच नमस्कार करा. ओमानमध्ये १ जानेवारी २०२१ पासून करार संपल्यावर जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवायही नोकरी बदलता येते. म्हणजे नकार देण्याची वाट पूर्वीपेक्षा थोडी मोकळी झाली आहे. तिचा उपयोग करावा.

आईवडिलांनाही आमची एक विनंती आहे. 'हे काम करू नकोस' एवढेच म्हटल्याने मुलगा थांबत नाही, तो फक्त घरी सांगेनासा होतो. त्यापेक्षा त्याच्यासोबत बसून करारपत्राची एकेक ओळ वाचा. क्रिओलमध्ये वाचा, इंग्रजीत वाचा, मराठीत समजावून घ्या. समजले नाही तर जाणत्या माणसाला विचारा. आपल्या पणजोबांना ही सोय नव्हती, आपल्याला ती आहे. जेथे धोक्याच्या जागी 'नाही' म्हणता येत नाही, तेथे आपल्या मुलाने जाऊ नये, एवढे तरी प्रत्येक घराने ठरवावे.