बांबूचीही ऋतुचर्या

शहरांतील घरे पुन्हा एकदा माती, लाकूड आणि बांबू यांच्याकडे वळू लागली आहेत. गच्चीवर बांबूचा मांडव, सज्ज्याला चिकाचे पडदे, बैठकीत वेताच्या खुर्च्या, पायाखाली काथ्याची चटई आणि बागेभोवती कामट्यांचे कुंपण असे घर आता ऐपतीचे आणि अभिरुचीचे लक्षण मानले जाते. त्याच्या जोडीला ‘आरोग्यदायी’ हे विशेषणही हमखास येते. त्यामुळे दवाखान्यात औषधांबरोबर घराविषयीचे प्रश्नही विचारले जाऊ लागले आहेत. मुलाला दमा आहे, प्लायवूडऐवजी बांबूचे कपाट केले तर बरे पडेल का? नव्या बंगल्यात एक खोली शेणाने सारवायची आहे, हरकत नाही ना? कुंपणाला बांबूच लावला तर डास वाढतात, हे खरे का?

वाचकहो, या प्रश्नांचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. बांबू हा सजीवाचा अवशेष आहे. त्याला पाणी लागते, बुरशी लागते, कीड लागते, ऊन लागते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत तो टिकला आणि त्याने फारसा त्रास दिला नाही, याचे कारण त्या घरांना वर्षभराची एक शिस्त होती. आपण आज वस्तू घरी आणतो आणि ती शिस्त मात्र बुरुडाच्या किंवा सुताराच्या दारातच सोडून येतो. शरीराला जशी ऋतुचर्या, तशी या घरालाही लागते, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

आधी बांबूच्या पदरात त्याचे माप पूर्ण टाकू. बांबू हे शास्त्रीय दृष्ट्या गवत आहे. जमिनीतून वर आलेला कोंब काही महिन्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो आणि तीन-चार वर्षांत बांधकामाच्या उपयोगी पडतो. सागवानाला याच गोष्टीसाठी काही दशके लागतात. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती. २०१७च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला आणि खाजगी जमिनीवर तो लावणे, तोडणे व नेणे सुकर झाले. कोकणातील माणगा तर जवळजवळ भरीव आणि बिनकाट्यांचा, त्यामुळे खुर्च्या-टेबलांपासून मांडवापर्यंत सर्वत्र चालतो.

आरोग्याच्या दृष्टीने बांबूचा सर्वांत मोठा गुण म्हणजे सावली. पश्चिमेच्या खिडकीवर, काचेच्या बाहेरच्या बाजूस चिकाचा पडदा सोडला तर ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. तोच पडदा आतून लावला तर काच तापते आणि ती उष्णता खोलीत शिरते. वृद्ध, तान्ही मुले आणि हृदयरोगी यांना उन्हाळ्यातील तापलेल्या रात्री फार बाधतात. त्यांच्यासाठी पडद्याची जागा बदलणे हा बिनखर्चाचा उपचार आहे.

दुसरा लाभ सापेक्ष आहे. प्लायवूड आणि दाबीव फळ्या यांत वापरलेल्या काही गोंदांतून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केली. अखंड बांबूत हा गोंद नसतो. परंतु ‘बांबूची फळी’ म्हणून जी विकली जाते, ती बांबूच्या पट्ट्या गोंदाने जोडून आणि दाबूनच बनविलेली असते. तेव्हा कपाट बांबूचे आहे का, यापेक्षा त्याचा गोंद कोणता आहे, हे विक्रेत्यास विचारावे. नवे कपाट कोणतेही असो, मुलाला त्या खोलीत झोपविण्यापूर्वी काही आठवडे दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता त्या जुन्या शिस्तीकडे येऊ. बांबू पावसाळ्यात तोडू नये, पाऊस सरल्यावर तोडावा, असा दंडक होता. वाढीच्या दिवसांत बांबूत पिष्ट व शर्करा अधिक असते आणि त्यांवरच बांबू पोखरणारे बारीक भुंगेरे जगतात. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवीत. त्याने हे अन्नद्रव्य निघून जाई आणि किडीला खाण्यासारखे फारसे काही उरत नसे. कारवीच्या वा बांबूच्या कामट्यांचा कूड दरवर्षी माती-शेणाने लिंपला जाई. वासे चुलीच्या धुराने काळे पडत आणि त्या धुरामुळे किडीपासून वाचत. मात्र तोच धूर घरातील स्त्रियांच्या फुप्फुसांचे किती नुकसान करीत होता, हेही विसरू नये. जुने ते सारे सोने नव्हते. त्यातील शिस्त घ्यावी, धूर घेऊ नये.

या शिस्तीचा विसर पडला की काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. गेल्या पावसाळ्यात एकाच बंगल्यातील तिघे जण आठवडाभराच्या अंतराने डेंग्यूच्या तापाने आले. शेवटच्या होत्या आजी. ताप उतरल्यावर घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि नेमक्या त्याच दिवशी आजींना पोटदुखी व उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. चार दिवस त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्या घरी पाण्याच्या टाक्या झाकलेल्या होत्या, कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या होत्या. तपासणीस आलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने अखेर विजेरी घेऊन कुंपणाच्या बांबूंची उघडी टोके पाहिली. प्रत्येक नळीत पेलाभर पाणी आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या!

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरविणाऱ्या एडिस डासांपैकी एक जात मूळची रानातील आहे. झाडांच्या ढोलीत आणि तुटलेल्या बांबूच्या बुंध्यात साचलेले पाणी हे तिचे पिढ्यान्पिढ्यांचे माहेर. आपण कुंपणाचा बांबू दोन गाठींच्या मध्ये कापतो तेव्हा तिच्यासाठी एकेक पेलाच तयार करतो. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरा होतो. उपाय सोपा आहे. उभा बांबू नेहमी गाठीच्या लगेच वर कापावा, म्हणजे वर पोकळी उरत नाही. आधीच चुकीचा कापला असेल तर नळीत वाळू काठोकाठ भरावी किंवा तोंड सिमेंटने बुजवावे. बागेतील बेटातून बांबू तोडल्यावर मागे राहणाऱ्या बुंध्यांनाही हाच नियम लागू आहे. आणि डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस अधिक सावधपणे काढावेत, हे आजींच्या उदाहरणावरून ध्यानी ठेवावे. तापावर पॅरासिटामॉलखेरीज ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

याच संदर्भात बैठकीतील ‘लकी बांबू’चाही उल्लेख करावयास हवा. हा बांबू नव्हेच. ड्रसीना या वेगळ्याच कुळातील ती वनस्पती आहे. २००१ साली चीनहून कॅलिफोर्नियात जहाजाने आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून एडिसच्या या जातीचे डास तेथे उतरले होते. म्हणून त्या काचपात्रातील पाणी आठवड्यातून एकदा बदलावे आणि पात्र आतून घासून धुवावे. एडिसची अंडी पात्राच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

किडीवर आज रासायनिक प्रक्रिया केली जाते. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात मुरविलेला बांबू घराच्या आत वापरण्यास योग्य मानला जातो. ही द्रव्ये पोटात गेली तर मात्र लहान मुलांना विषारी ठरतात. त्यामुळे घरी असे द्रावण करणाऱ्यांनी त्याची भांडी व पूड मुलांच्या हाती लागू देऊ नये. शिवाय पावसात ती धुऊन निघतात. म्हणून उघड्यावरच्या बांबूला वर छप्पर आणि खाली दगडी बैठक द्यावी, थेट मातीत पुरू नये. तांबे, क्रोम व आर्सेनिक यांच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेले हिरवट झाकीचे लाकूड किंवा बांबू भाजीच्या वाफ्यांना, पाळण्याला, झोपाळ्याला वापरू नये आणि त्याचे तुकडे बंबात किंवा शेकोटीत कधीही जाळू नयेत. त्या धुरातून व राखेतून आर्सेनिक पसरते. वाहनाचे वापरलेले तेल बांबूला चोपडण्याची पद्धतही सोडून द्यावी. त्या तेलातील द्रव्ये त्वचेला घातक आहेत.

दम्याच्या मुलाविषयीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर आता देतो. चिकाचे पडदे, विणलेल्या वेताच्या खुर्च्या, काथ्याच्या व तागाच्या चटया यांच्या असंख्य फटींत धूळ बसते. पावसाळ्यातील दमट हवेत तेथे बुरशी धरते आणि धुळीतील सूक्ष्म किडेही वाढतात. हे दोन्ही दम्याचे जुने वैरी आहेत. अशा मुलाच्या झोपण्याच्या खोलीत गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसता येईल असे साहित्य असावे. विणकामाच्या वस्तू बैठकीत किंवा सज्ज्यात शोभतात, तेथेच त्या असू द्याव्यात. भिंतीला चुना लावणे मात्र उत्तम. त्याच्या क्षारधर्मामुळे बुरशी सहजी धरत नाही. चुना कालविताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चुन्याने डोळ्याला भाजते. डोळ्यात उडालाच तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मग डॉक्टरकडे धाव घ्यावी.

शेणाच्या सारवणाविषयी माझे मत सौम्य आहे. कोरड्या, उन्हे येणाऱ्या खोलीत, निरोगी माणसांनी ते करावे. परंतु शेणा-मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हातापायांवर जखम असलेल्याने सारवू नये आणि बाळ-बाळंतिणीची खोली तर मुळीच सारवू नये. भारतातून नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून २०१५ साली हटला, तो लसीकरणाने आणि स्वच्छ बाळंतपणाने. ती कमाई जपावी.

राहिल्या इजा. कामटीची सल बोटात रुतली तर ती पूर्ण काढून जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते तपासावे. डोळ्याला कामटी किंवा पाते लागले तर औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणू नयेत. वनस्पतीने झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि स्टेरॉइडयुक्त थेंबांनी तो फोफावतो. दृष्टी जाण्याची वेळ येते ती बहुधा अशा विलंबातूनच. पावसात बांबूच्या फरशीवर शेवाळ धरते. घरात सत्तरीचे कोणी असेल तर तेथे आधाराचा कठडा हवा. तोडलेल्या बांबूंचा ढीग भिंतीला टेकवून महिनोन्‌महिने ठेवू नये. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात आणि विंचवांना तर ती आयतीच जागा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून अनेकांचे प्राण वाचले, पण त्यासाठी रुग्ण वेळेत पोहोचावा लागतो.

तेव्हा ही ऋतुचर्या अशी. मृगाच्या आधी बांबूची उघडी टोके बुजवावीत, पडदे व चटया धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, कुजलेले खांब बदलावेत. पावसाळ्यात आठवड्यातील एक वार ठरवून साचलेले पाणी शोधावे, शेवाळ घासून काढावे आणि विणलेल्या वस्तू भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात. दिवाळीनंतर बांबू तोडावा, मुरवावा, वाळवावा आणि तेलपाणी करावे. उन्हाळ्यात पडदे खिडकीबाहेर सोडावेत आणि बांबूखाली बारीक पिवळसर भुकटी सांडते आहे का ते पाहावे, कारण ती भुंगेऱ्यांची खूण असते.

हे सारे करण्यास घरात हात किती आहेत, यावरून बांबू किती आणावा हे ठरवावे. दोघेही नोकरी करणाऱ्या, लहान मुलांच्या घरात एक चिकाचा पडदा आणि दोन खुर्च्या पुरेशा आहेत. वेळ आणि हौस असेल तर मांडव घालावा, कुंपणही करावे. आणि कुंपण आधीच असेल तर येत्या रविवारी विजेरी घेऊन त्याची टोके एकदा पाहून घ्यावीत.