फायबर जोडणी रखडली? ‘उद्या माणूस येईल’वर थांबू नका

पैसे भरून पंधरवडा उलटला, तरी इंटरनेट नाही. ‘उद्या माणूस येईल’ हे उत्तर मात्र रोजचे. अनेकदा केबल रस्त्यापर्यंत आलेली असते. घोडे अडते ते सोसायटीच्या परवानगीवर किंवा बॉक्समधल्या रिकाम्या पोर्टवर. ही चौकशी पैसे घेण्याआधी करणे कंपनीचे काम आहे.

फोनवरच्या आश्वासनाऐवजी तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ‘ट्राय’च्या २०१२च्या नियमांनुसार तिथे ३९ दिवसांत निकाल अपेक्षित आहे. ‘ट्राय’ स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग हे पर्यायही खुले आहेत.

पैसे लगेच घेतले जातात. मग जोडणीची तारीखही लेखी मिळायलाच हवी.