शब्दकोशातले जंगल, दफ्तरातले जंगल

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शब्द अडला की मुलांना सांगते, अंदाज बांधू नका, लुगत उघडा. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारांनाही हेच सांगितले होते. गोदावर्मन खटल्यात न्यायालय म्हणाले, 'वन' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात आहे तोच धरा. जमीन कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न नंतरचा. झाडे उभी आहेत, पाखरे राहतात, म्हणजे जंगल आहे. ते तोडायचे, खणायचे तर 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी घ्या.

2023 साली संसदेने हा अर्थ बदलला. दुरुस्तीनुसार अधिसूचना निघून वन म्हणून जाहीर झालेली, किंवा 25 ऑक्टोबर 1980 रोजी वा त्यानंतर सरकारी दफ्तरात वन म्हणून नोंदलेली जमीन, एवढेच वन. जे नोंदवायचे राहिले, त्याला या कायद्याचे छत्र नाही. आंतरराष्ट्रीय सीमेपासून 100 किलोमीटरच्या आतले राष्ट्रीय महत्त्वाचे रस्ते-रेल्वेसारखे प्रकल्प मोकळे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांबाहेरच्या वनात सरकारी प्राणिसंग्रहालय आणि सफारी काढणे हे यापुढे 'वनेतर काम' नाही. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, काही सदस्यांनी असहमती नोंदवली, पण समितीने एकाही कलमात बदल सुचवला नाही. कायद्याच्या नावात मात्र 'संवर्धन' हा नवा शब्द आला. भाषेची शिक्षिका म्हणून मला याचेच हसू येते आणि रडूही. शीर्षक भरघोस, मजकूर कापलेला. अशा निबंधाला मी गुण देत नाही.

कोणी म्हणेल, राष्ट्रीय उद्याने तर सुरक्षित आहेत, त्यांना 1972 चा वन्यजीव कायदा आहे. खरे आहे. पण वाघ नकाशा वाचत नाही. ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, त्याचे क्षेत्र सुमारे 116 चौरस किलोमीटर. तिथला तरुण वाघ आपली हद्द शोधायला निघतो तो उद्यानाबाहेरच्या पट्ट्यांतून, गावाच्या शिवारातून, नाल्याकाठच्या झुडपांतून. हे भ्रमणमार्ग तुटले की उद्यान म्हणजे मोठा पिंजरा. मग वाघ गावात शिरतो, आणि मरतो तो मोहफुले वेचायला गेलेला गरीब माणूस.

विदर्भातल्या वाचकांना 'झुडपी जंगल' हा महसुली दफ्तरातला शब्द समजावून सांगायला नको. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतल्या या जमिनी वन आहेत की नाहीत, यावर वर्षानुवर्षे घोळ चालला. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या निकालाचा आधार घेऊन त्या वनच ठरवल्या. कागदावरच्या एका शब्दावर किती एकर झाडे जगतात-मरतात, ते इथे दिसते.

सरकारची एक अडचण मला मान्य आहे. शेतकऱ्याने बांधावर साग लावला आणि उद्या ती जमीन वन ठरली, तर तो झाडच लावणार नाही. मग लावलेल्या झाडांना सूट द्या ना! त्यासाठी आपोआप उगवलेल्या रानाचे छत्र कशाला काढता?

आता आपल्यातल्यांशी बोलते. "मॅडम, आपल्यासमोर काय कमी प्रश्न आहेत? हे वाघ-जंगल आपले काम नव्हे," असे मला स्टाफरूममध्ये ऐकवले जाते. मी त्यांना 2019 ची आठवण देते. त्या हिवाळ्यात आपण घराघरांत जुन्या पेट्या उघडून दाखले शोधत होतो. आजोबांच्या नावात 'शेख' आहे, वडिलांच्या नावात नाही, म्हणून रात्र रात्र झोप नव्हती. जो पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतो त्याने कागद दाखवावा, नाहीतर तो नाहीच, ही भाषा आपल्याला तेव्हा अन्याय वाटली होती. मग तीच भाषा झाडांबद्दल आणि त्या झाडांवर जगणाऱ्या आदिवासींबद्दल बोलली जाते, तेव्हा आपण गप्प का? नोंद करणे दफ्तराचे काम होते. दफ्तराने ते केले नाही, त्याची सजा जंगलाला का?

लढाई संपलेली नाही. 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने तूर्त शब्दकोशातलाच अर्थ कायम ठेवला. आपल्या अंतिम मंजुरीशिवाय वनजमिनीवर सफारी नको, असेही बजावले. राज्यांच्या तज्ज्ञ समित्यांनी केलेल्या वनांच्या याद्या जाहीर करायला सांगितले. तर वाचकहो, एवढे करा. आपल्या तालुक्याची यादी मागा. गावामागचे रान त्यात आहे का, ते बघा. नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा, लेखी अर्ज द्या, पोचपावती घ्या.

माझ्या वर्गात एका मुलाने 'जंगल'चे वाक्य केले होते: "आमच्या घरामागे जंगल आहे." मी त्याला पूर्ण गुण दिले. ते वाक्य चूक ठरवायचा अधिकार मी दफ्तराला देणार नाही.