गाडीत गावाचा वाटा

मुरुडला रेल्वे नाही. कोकण रेल्वे रोह्याहून निघते ती थेट माणगावकडे जाते. किनाऱ्यावरच्या आम्हा मंडळींच्या वाट्याला साळावचा पूल, एसटी आणि आगरदांड्याची फेरीबोट. अशा गावच्या दिवाळी अंकाने पहिले पान आगगाडीला द्यावे, याचे कोणाला हसू येईल. पण गाडी आपल्याच जिल्ह्यातली आहे, नेरळ-माथेरानची. शिवाय ती मराठी दिवाळी अंकाहून दोनच वर्षांनी मोठी. गाडी १९०७ साली सुरू झाली, का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ सालचा. दोघांचाही जमाखर्च कधी धड जुळत नाही आणि दोघांपैकी कोणीही बंद पडावे असे कोणालाच वाटत नाही.

ही गाडी सरकारी खजिन्यातून आली नाही. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली. खर्च सुमारे सोळा लाख. दोन फुटी रूळ, वीस-एकवीस किलोमीटरचा घाट, वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज. चढायला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. घाई असलेला माणूस नेरळला टॅक्सीत बसतो आणि गाडी पहिल्या काही वळणांवर असतानाच दस्तुरी नाक्याला उतरतो. तरीही गाडीची किंमत टिकली, कारण दस्तुरीच्या पुढे मोटारीला मज्जाव आहे. तिथून पाय, घोडा, हातरिक्षा, नाहीतर अमन लॉजहून सुटणारी शटल. वर गाड्यांचे भोंगे वाजू लागले असते, तर एवढा वेळ काढून डुलत डुलत तिथे कोण गेले असते? गावाने मोटार अडवली म्हणून गाडी तगली, आणि गाडी आहे म्हणून गावाला मोटार अडवणे परवडते.

२६ जुलै २००५ च्या पावसाने हा मार्ग उखडला, तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. २०१६ मध्ये डबे घसरले, गाडी थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून नेले आणि नेरळहून वर गाडी धावली ती थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. मात्र अमन लॉज ते माथेरान ही शटल २०१९ च्या डिसेंबरातच परतली होती. खालच्या घाटातली पडझड मोठी होती, हे कबूल. तरी शटलच्या मागे गावाचा रेटा होता, कारण तिच्यातून पाहुण्यांबरोबर सामानाची पार्सलेही वर जातात. नेरळची गाडी हौसेची, शटल गरजेची. ज्या गाडीवाचून गावाचे अडते, तिच्यासाठी गाव भांडते. वारसा म्हणून जपलेल्या कुठल्याही गाडीला स्थानिकांची थोडी तरी गरज चिकटलेली असावी, असे मला वाटते ते यावरून.

दुसरा प्रश्न वहीचा. रेल्वेच्या वहीत तिकिटाचे पैसे एका बाजूला आणि रूळ, दरडी, इंजिने यांचा खर्च दुसऱ्या बाजूला लिहिला जातो. लॉजवाला, चिक्कीवाला, चपलांचा दुकानदार, घोडेवाला यांची कमाई त्या वहीत येत नाही, मग गाडी कायम तोट्यातच दिसणार. अशी गाडी लोकांनीच हाती घेतल्याचेही उदाहरण आहे. वेल्समधल्या टायविन या छोट्या गावी पाट्यांच्या दगडाच्या खाणीसाठी घातलेली टालिलिन रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा १९५० साली हौशी माणसांनी मंडळ काढले आणि पुढच्या वर्षी स्वतःच गाडी चालवायला घेतली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ती पहिली रेल्वे. आपल्याकडे मध्य रेल्वे कोणा मंडळाच्या हाती इंजिन देणार नाही, आणि घाट पाहता देऊही नये. पण पावसाळ्यानंतर फेऱ्या कधी, किती आणि कोणत्या वेळी, हे ठरवताना माथेरानकरांना एक खुर्ची द्यायला काय हरकत आहे?

त्या खुर्चीवर नुसता हॉटेलवाला बसला, तर काम फसले. डोंगराच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधली माणसे रोजगारासाठी पायवाटेने माथेरान चढतात. गाडी त्यांच्या शेजारून जाते, त्यांच्यासाठी थांबत नाही. जुम्मापट्टीला दहा मिनिटे जास्त थांबून रानमेवा विकू दिला तर कोणाचे काय बिघडेल? आणि हातरिक्षा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करायला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितले. माणसाने माणसाला ओढण्याला वारसा म्हणू नये, हे न्यायालयाला सांगावे लागले, याची लाज पर्यटकांसकट आपल्या सगळ्यांना वाटायला हवी.

आता आपल्या दारी या. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणारी शिडाची होडी ही आपली मिनी ट्रेन. सावकाश, वाऱ्याच्या मर्जीवर, आणि गावच्या माणसाच्या हातात. पाहुणा बसमधून उतरतो, किल्ला बघतो, जेवतो आणि संध्याकाळच्या आत काशीदकडे निघतो. आपल्याकडे उरतात प्लास्टिकच्या बाटल्या. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माड-पोफळी आडव्या झाल्यापासून वाड्यांच्या उत्पन्नाला जोड हवीच आहे, आणि ती रात्री मुक्काम करणाऱ्याकडून मिळते, दुपारी परतणाऱ्याकडून नाही.

त्यातच किल्ल्यालगत जेट्टीचे काम हाती घेतले गेले. दरवाजापाशी लाटेवर हेलकावणाऱ्या होडीतून उडी मारायची वेळ म्हाताऱ्याकोताऱ्यांवर येऊ नये, म्हणून ती हवीच. पण जेट्टी झाली की मोठ्या मोटारबोटी थेट लागतील आणि शिडे धक्क्यावर वाळत पडतील. माथेरानने दस्तुरीला जी रेघ ओढली, तशी रेघ आपल्याला पाण्यावर ओढावी लागेल. सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या फेऱ्या शिडाच्या होड्यांसाठी राखून ठेवाव्यात, म्हणजे त्या गाठण्यासाठी पाहुण्याला मुरुडात रात्र काढावी लागेल; आणि वेळापत्रक होडीवाल्यांना विचारून ठरावे. अशा मागणीचे पत्र नगरपरिषद आणि मेरीटाइम बोर्डाकडे आम्ही पाठवत आहोत. ते शेवटच्या पानावर छापले आहे. सह्या कराव्यात, फराळाचे हात पुसून.