बॉयलरचा वैद्य

वाचकहो, आमच्या हिंगणघाटात कापसामागून जिनिंग आले, जिनिंगबरोबर बॉयलर आणि बॉयलरमागून तपासनीस साहेब! कलकत्त्यात 1863 साली बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा कुठे 1864 चा तपासणीचा कायदा झाला. सरकारला शहाणपण सुचते ते असे. निरीक्षकाला इंजिनियरिंगची पदवी हवी, अनुभव हवा, ठीकच आहे. पण निवालेल्या बॉयलरच्या मॅनहोलातून आत शिरायचे, काजळीत लोळायचे आणि हातोडीच्या ठोक्यावरून पत्र्याचे दुखणे ओळखायचे, ही विद्या कानाची! 2007 च्या दुरुस्तीपासून खासगी तपासनीसही चालतो. त्याला बोलावणार मालक, पैसे देणारही मालकच. भट्टीपुढे उभा असतो तो फायरमन. त्याच्या वतीने मी विचारतो, 'नापास' म्हणायची छाती कोणत्या परीक्षेत पाहतात?