घुंगरांची उपेक्षा

फाल्गुन आला कीं आमच्या महाविद्यालयांत दोन गोष्टींस एकदमच आरंभ होतो: परीक्षांस आणि गैरहजेरीस. मागें एका वर्षीं अक्राणीच्या डोंगरांतून येणारा माझा एक विद्यार्थी पंधरवडाभर वर्गांत दिसला नाहीं. परत आला तेव्हां त्याचा आवाज बसलेला होता व पाय सुजलेले होते. "अरे, होतास कोठें इतके दिवस?" असें मीं दरडावून विचारलें. "सर, बुध्या झालों होतों," एवढेंच तो म्हणाला. नियम तो नियम, असें म्हणून मीं त्याच्या नांवापुढें गैरहजेरी मांडली आणि अंतर्गत परीक्षेचे त्याचे गुण बुडाले.

पुढें ऑगस्टांत त्याच महाविद्यालयांत कोणी थोर पाहुणे यावयाचे होते. त्यांच्या स्वागतास 'आदिवासी पथक' हवें म्हणून त्याच मुलाला, त्याच घुंगरांसह, बोलावणें गेलें. दोन तास तीं मुलें उन्हांत फाटकापाशीं उभीं होतीं. पाहुणे आले, छायाचित्रें निघालीं, मुलांच्या हातांत फराळाचा एकेक पुडा पडला. आंत सभागृहांत पेटीवर भावगीत म्हणणाऱ्या एका मुलीला ढाल आणि रोख बक्षीस मिळालें. तिच्या गाण्याविरुद्ध माझी तक्रार नाहीं. माझा प्रश्न इतकाच आहे कीं, जी कला मार्चांत अपराध ठरली ती ऑगस्टांत शोभा कशी ठरली?

हा मुलगा करीत होता तें काय, हें नंदुरबारच्या नळवा रस्त्यावर किंवा शहाद्याच्या पेठेंत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांसही पुरतें ठाऊक नसतें. सातपुड्यांत होळी एका रात्रींत संपत नाहीं. ती गांवोगांवीं निरनिराळ्या दिवशीं पेटते. अक्कलकुवा तालुक्यांतील काठीची राजवाडी होळी यांत सर्वांत प्रसिद्ध, ती इ. स. १२४६ पासून चालत आली आहे असें सांगतात. बावा व बुध्या होणारे पुरुष कांहीं दिवस व्रत पाळतात, अंगावर राखेचे व पिठाचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवितात आणि कंबरेला मोठमोठाले घुंगुर व वाळलेले भोपळे बांधतात. ढोल वाजूं लागला कीं रात्रभर नाच चालतो. या नाचांत शरीर हेंच वाद्य होय. घुंगुर हातानें वाजत नाहींत. पाऊल पडेल तेव्हां ते बोलतात. शंभर पावलें एका क्षणीं पडलीं तर नाद एक होतो. दहा चुकलीं तर त्याचा नुसता खळखळाट होतो.

"पण याला संगीत म्हणावयाचें काय? एका घुंगराला एकच नाद!" असा आक्षेप आमचे रसिक मित्र घेतात. त्यांना मीं इंग्लंडकडे पाहावयास सांगतों. तेथें हस्तघंटा नांवाचा एक प्रकार आहे. देवळाच्या मनोऱ्यांतील प्रचंड घंटांच्या क्रमांचा सराव घरांत करतां यावा म्हणून लोक हातांत धरावयाच्या लहान घंटा वापरूं लागले. पुढें त्यांचे सुरांत लावलेले संच झाले. प्रत्येक वादकाच्या वाट्यास बहुधा दोनच घंटा येतात. एकट्यानें कोणतीही चाल वाजवितां येत नाहीं. शेजाऱ्याच्या स्वराची वाट पाहणें व आपल्या क्षणीं न चुकणें एवढेंच त्याचें काम. या वाद्याचा अमेरिकेंतही प्रसार होऊन १९५४ सालीं तेथें त्याचा संघ स्थापन झाला, आणि शाळाशाळांतून मुलांना तें शिकविण्यांत येतें. ज्याच्या हातीं दोन स्वर त्या गोऱ्या मुलास वादक म्हणावयाचें, आणि ज्याच्या कंबरेला वीस घुंगुर त्या पावरा मुलास 'पथक' म्हणावयाचें, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

"हें घरंदाजांचें नव्हे" हा दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, परंतु मनांत तोच असतो. त्यांनीं आपल्या आजोबा-पणजोबांचे दिवस आठवावेत. त्या काळीं गाणें-बजावणें सभ्य घराला लांच्छन मानीत. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, भातखंड्यांनीं उस्तादांच्या चिजा स्वरलिपींत उतरवून छापल्या, तेव्हां कोठें आमच्या घरांत तंबोरा शिरला. संगीत बदललें नव्हतें. त्याच्या पाठीशीं उभी राहणारीं माणसें बदललीं. लेझिमीचेंही तेंच. आखाड्यांतील तें झणझणणारें वाद्य शाळेच्या मैदानावर आलें आणि प्रतिष्ठित झालें. सातपुड्याच्या घुंगरांसाठीं मात्र कोणी उभें राहिलें नाहीं.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. आश्रय दिला कीं कला बिघडते. व्रताचा तमाशा होतो, असें म्हणतात. हें भय खोटें नाहीं. परंतु तमाशा तर आम्हीं केव्हांच मांडला आहे, आणि तोही फुकटांत! फाटकावर उभें करणें हा आश्रय नव्हे, वेठ होय. खरा आश्रय मुलाला गांवांतून उचलून रंगमंचावर आणीत नाहीं. त्याच्या गांवची होळी त्याला निर्वेधपणें करूं देतो. संगीत नाटक अकादमी २००६ पासून चाळिशीच्या आंतील कलावंतांस उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या नांवें युवा पुरस्कार देते, व त्यांत लोककला आणि आदिवासी कलाही येतात. हें उत्तमच. परंतु पुरस्कार फळाला मिळतो. आमच्या येथें रोपच परीक्षेच्या वेळापत्रकाखालीं चिरडलें जात आहे.

मग करावें काय? फार थोडें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ज्या जिल्ह्यांत शंभरांत एकोणसत्तर माणसें आदिवासी आहेत, तेथील महाविद्यालयांनीं आपल्या अंतर्गत परीक्षा होळीच्या दिवसांत ठेवूं नयेत. व्रतस्थ विद्यार्थ्याची गैरहजेरी रजा मानावी. समारंभास बोलावलें तर इतर कलावंतांप्रमाणें ठरवून मानधन द्यावें, सावलींत बसवावें, आणि कार्यक्रमपत्रिकेंत प्रत्येकाचें नांव छापावें. ढोलाचें कातडें व घुंगरांचा पट्टा यांस पैसा लागतो. स्नेहसंमेलनाच्या मंडपावर उधळतों त्यांतला थोडा तिकडे वळवावा. जुन्या जाणत्या ढोलियास वर्षांतून कांहीं दिवस वेतन देऊन शिकवावयास बोलवावें. परंतु त्याची परीक्षा व प्रमाणपत्र यांचें लचांड मात्र मागें लावूं नये.

सुशिक्षित कुटुंबांकडेही माझें एक मागणें आहे. मुलांना पेटी-तबल्याच्या वर्गास अवश्य पाठवा. पण एका फाल्गुनांत त्यांना घेऊन डोंगरांत जा, आणि छायाचित्रें न काढतां पहांटेपर्यंत नुसते ऐकत बसा.

त्या विद्यार्थ्याचे बुडालेले गुण मला परत देतां आले नाहींत. हजेरीपटावरील ती खूण मीं स्वतःच्या हातानें केली आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचें काम दुसऱ्यावर टाकतां येईना.