वाचन मंडळासाठी यंदा पुस्तक कोणते?



आडसाली लागणी उरकत आल्या आहेत. सुरूच्या उसाची मोठी बांधणी कधीच झाली. कारखान्याचे धुराडे पेटायला अजून अडीच-तीन महिने आहेत. याच दिवसांत आपली गटवार वाचन मंडळे भरतात. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि मग बोलायचे, एवढाच त्याचा नियम. यंदा पुस्तक कोणते घ्यावे यावर मागच्या पंधरवड्यात गट ऑफिसात बराच खल झाला. आम्ही आमचे म्हणणे मांडत होतो, पण मध्येच चहा आला आणि ते अर्धेच राहिले. उरलेले येथे लिहीत आहोत.

कथा-कादंबऱ्या नकोत, खऱ्या माहितीचे पुस्तक हवे, यावर सर्वांचे एकमत आहे. प्रश्न एवढाच की खऱ्या माहितीचे म्हणजे कोणते?

याबाबतीत पहिली चूक आम्हीच केली, ती आधी कबूल करतो. मंडळे सुरू झाली त्या वर्षी पुस्तक निवडण्याचे काम शेतकी खात्याकडे आले. आम्ही पदविकाधारक माणूस. ऊस लागवडीचे एक चांगले जाडजूड पुस्तक निवडले. बेणे प्रक्रिया, खताच्या मात्रा, खोडवा व्यवस्थापन, सगळे त्यात होते. पहिल्या बैठकीला चाळीसजण आले. त्यातल्या निम्म्यांना वाटले होते की हजेरी मांडतील आणि तोडीच्या प्रोग्रॅममध्ये नंबर वर येईल. तिसऱ्या बैठकीला आम्ही, गटाचा चिटबॉय आणि ज्यांच्या ओट्यावर बैठक होती ते आजोबा, एवढेच उरलो. आजोबा म्हणाले, "साहेब, हे तर तुम्ही बांधावर येऊन सांगताच की. मग पुस्तकाला कशाला तरास?" आम्हांला राग आला नाही असे नाही. पण आजोबांचे बरोबर होते. तसल्या पुस्तकातले पटले तर करायचे असते, चार माणसांनी मिळून त्यावर बोलायचे फारसे काही नसते.

पुढल्या वर्षी वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' घेतले. १९८१ साली निघालेले हे पुस्तक आजही गावोगावच्या वाचनालयांत हातोहात फिरते. गुलामाच्या पोटी जन्मलेला मुलगा शिकून कृषितज्ज्ञ होतो, १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून अलाबामातील टस्कीगीच्या शाळेत येतो, कापूस घेऊन घेऊन मेलेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी घ्यायला लोकांना शिकवतो. पुढे १९०६ पासून शेतीशिक्षणाची घोडागाडीच खेड्यापाड्यांत फिरू लागते. आमच्या माताभगिनींनी हे पुस्तक उचलून धरले. वाचणारे थांबले की त्याच "पुढं वाचा" म्हणायच्या.

त्यातली एक रात्र सांगण्यासारखी आहे. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर यांनीच शोधले, असे कोणीतरी ठासून सांगितले. कृषी महाविद्यालयात शिकणारी एका सभासदाची मुलगी मागे बसली होती. ती म्हणाली, "नाही. त्याचे पेटंट कॅनडातल्या एडसन यांनी १८८४ सालीच घेतले होते. कार्व्हर यांच्या नावावर पेटंटे तीनच, आणि ती रंग आणि सौंदर्यप्रसाधनांची." झाले! निम्मी बैठक तिच्यावर उखडली. पोर थोर माणसाला उणे आणते म्हणून एक काका उठून जायला निघाले. मग दुसरे म्हणाले की लोणी कोणी का शोधेना, पडलेली जमीन सुधारायचा रस्ता साध्या शेतकऱ्याला दाखवला तो कोणी? त्या रात्री बैठक साडेअकरापर्यंत चालली. वाचन मंडळ म्हणजे काय ते आम्हांला त्या रात्री कळले. पुस्तकात खरे किती, सांगोवांगीचे किती, आणि खोटे गळून गेल्यावर उरते काय, हे चारचौघांत तासून बघता आले पाहिजे.

मात्र ती एकच रात्र. बाकीच्या बैठकांत सगळे माना डोलवत होते. अलाबामाची जमीन कापसाने खाल्ली याची हळहळ सर्वांना वाटली. आपली चांगली काळी जमीन मोकाट पाण्याने फुगली, मिठागर झाली, बांधाकडेला पांढरा थर धरला, त्यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. दूरच्या देशाची गोष्ट डोळ्यांत पाणी आणते, पण अंगाला लागत नाही.

म्हणून यंदा आमचे मत महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकाला आहे.

हे पुस्तक १८८३ सालचे. ते घरात एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेले नाहीच मुळी. छापून निघण्याआधी जोतीरावांनी त्यातले भाग जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोक जमवून वाचून दाखवले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनाही ऐकवले. पहिले दोन भाग 'दीनबंधू' पत्रात आले आणि पुढचे छापायचे थांबले. म्हणजे कागदावर यायच्या आधी हे पुस्तक चावडीवर आले होते. वाचन मंडळाला याहून जवळचे पुस्तक कोणते?

आणि त्यात शेती किती आहे! शेवटच्या म्हणजे पाचव्या प्रकरणात त्यांनी उपाय सांगितले आहेत. पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून जागोजाग ताली-बंधारे बांधावेत, आणि त्या कामी सरकारने रिकामे असलेले शिपाई-पोलीस लावावेत. नदी-तलावातला गाळ शेतकऱ्याला पूर्वीसारखा नेऊ द्यावा. पाणाड्यांकडून भूमीतले पाणी हुडकावे. मेंढरांच्या चांगल्या जाती आणाव्यात. दर वर्षी पिकांची प्रदर्शने आणि नांगरटीच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्यावीत. आमच्या खात्याचे निम्मे काम त्या यादीत येऊन गेले आहे. धरणाच्या पाण्याबद्दल तर ते सांगतात की प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानाने पाण्याची तोटी करून द्यावी. तोटी, बरे का! पाणी मोजून द्यावे आणि मोजून घ्यावे, ही गोष्ट १८८३ सालची. आपण आजही रात्रीची लाइट आली की मोटार चालू करून झोपायला जातो आणि सकाळी सरीतून तळे बघतो. ठिबकचे अर्ज आमच्या टेबलावर किती येतात ते आम्हांला ठाऊक आहे, तो आकडा येथे छापत नाही.

गट ऑफिसात हरकती निघाल्या. एक म्हणजे भाषा जुनी आहे. आहे खरी. वाक्ये लांब आहेत. अधिकाऱ्याला फुले 'कामगार' म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा ऐकणारा चकतो. पण मोठ्याने वाचले की ती भाषा सुटत जाते, कारण ती बोलण्याचीच आहे. आमच्या अनुभवाने तरण्या पोरांपेक्षा म्हाताऱ्या माणसांना ती लवकर कळते.

दुसरी हरकत अशी की त्यात जातीपातीचे कडक बोलणे आहे, गावात तेढ नको. ही हरकत आम्ही हसण्यावारी नेत नाही. भटशाहीवर त्यांनी आसूड ओढला आहे, तो लपवून वाचता येणार नाही आणि लपवूही नये. लिहिले गेले त्या काळी कचेरीत कोण बसत होते, शाळेत कोण जात होते आणि कर्जाचा कागद शेतकऱ्याला वाचता येत नव्हता तो का, हे त्याबरोबर बोलावे लागेल.

तिसरी हरकत कोणी उघड बोलले नाही, पण आमच्याकडे बघून दोघे-तिघे हसले. त्यात अधिकाऱ्यांना फार झोडपले आहे! दुसरे प्रकरण तर त्यासाठीच आहे. ऐषआरामात गुंगलेला साहेब, खाली काय चालले त्याचा पत्ता नाही. आम्ही त्या बैठकीला पुढे बसायला तयार आहोत. नोंदीचा उशीर, चिटबॉयने न आणलेली स्लिप, बांधावर न जाता भरलेला फॉर्म, जे काय बोलायचे ते बोला.

परंतु आमच्या मनात निराळीच भीती आहे. पुस्तक वाचताना आपण सगळे असे धरून चालू की त्यातला शेतकरी म्हणजे आपण. आपल्यावर अन्याय, आपल्याला कोणी विचारत नाही, भाव मिळत नाही. त्यात तथ्य आहेच. पण चौथ्या प्रकरणात शेतकऱ्याच्या हालाखीचे जे चित्र आहे, ते आज आपल्या कार्यक्षेत्रात कोणाच्या दाराशी दिसते? आपल्यातल्या पुष्कळांच्या घरावर स्लॅब आहे, दारात ट्रॅक्टर आहे. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे, जो पहाटे थंडीत बायकोसह फडात उतरतो, ज्याचे पोर पाचटावर झोपते आणि ज्याची शाळा दिवाळीला सुटते ती पाडव्यापर्यंत भरत नाही, तो कोण? त्याचा अंगठा कागदावर कोण घेतो? त्या हिशोबात आपण असूड उगारणाऱ्यांत बसतो की असूड लागणाऱ्यांत? आम्हीही यातून सुटलेले नाही. तोडणी यंत्रणेचे करार आमच्याच शेजारच्या टेबलावर होतात.

हा प्रश्न कोणी बाहेरचा माणूस विचारील तर आपण त्याला वाटेला लावू. पुस्तक विचारते तेव्हा बसावे लागते.

आता व्यवहाराचे. फुल्यांच्या समग्र वाङ्मयाचा ग्रंथ राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली काढला, त्यात हे पुस्तक आहे. सुटी प्रतही थोडक्या पैशांत मिळते. प्रत्येक गटाला तीन प्रती पुरतील. सुरुवात पाचव्या प्रकरणाने करावी, म्हणजे बांध, पाणी, मेंढरे या ओळखीच्या गोष्टींवरून माणसे बोलती होतील. मग पहिले, दुसरे, तिसरे. बैठक नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शनिवारी, रात्री साडेआठला. वाचणारा दर खेपेला बदलावा, आणि एखादी बैठक तरी बायकांपैकी कोणी वाचावी.

चौथे प्रकरण मात्र आत्ता वाचू नये, अशी आमची सूचना आहे. ते हंगाम सुरू होऊन टोळ्या येईपर्यंत राखून ठेवावे. कोप्या उभ्या राहिल्या की एका संध्याकाळी तळावरच बसावे आणि तेथे वाचावे, त्यांच्यातल्या कोणा शिकलेल्या पोराने वाचले तर अधिक चांगले. तळावरच्या दिव्याची सोय शेतकी खाते करील. गटप्रमुखांनी आपापल्या गटाचे मत या महिनाअखेर लेखी कळवावे.